माजघरातला उजेड

महाड-पोलादपूरकडे पाऊस फार. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणून आपली घरे उतरत्या छपराची, पडवीवर कौले खाली ओढलेली. झड आत येत नाही. पण उजेडही बाहेरच अडतो. भर दुपारी माजघरात तांदूळ निवडायला बसावे, तर खडा कोणता नि दाणा कोणता ते कळत नाही. कोपऱ्यात हात घालावा, तर विंचवाची भीती.

मग कोणी सांगतो, छपरात काच बसवा. कोणी सांगतो, नळी बसवा. दुकानात गेलात की नवे नवे शब्द कानी पडतात. ते कळले नाहीत, तर पैसे जातात नि घर गळते ते वेगळेच.

पहिला शब्द आपलाच आहे: कवडसा. कौल सरकले की फटीतून उन्हाचा तुकडा जमिनीवर पडतो, तो कवडसा. कवडसा म्हणजे ऊन. ते डोळे दिपवते नि घर तापवते. आपल्याला हवा आहे उजेड. तो साऱ्या आभाळातून येतो, ढग असले तरी येतो. ऊन वेगळे, उजेड वेगळा. एवढे ध्यानात ठेवा, पुढचे सोपे आहे.

दुसरा शब्द, काचेचे कौल. हे मंगळुरी कौलाच्याच घडणीचे असते. एक मातीचे कौल काढायचे, त्या जागी हे बसवायचे. खर्च थोडा. छपराचा उत्तरेकडचा उतार निवडावा. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. मग उत्तरेला ऊन कमी, उजेड मात्र भरपूर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य थोडा उत्तरेला जातो खरा, पण जूनपासून आभाळ भरलेलेच असते! चुलीच्या नेमके वर मात्र काच नको. आमच्या घरी बसवली होती. दोन महिन्यांत धुराने काळी झाली.

पण घराला माळा असेल तर? काचेच्या कौलाचा उजेड माळ्यावरच राहतो, माजघर अंधारातच. अशा घरासाठी तिसरा शब्द, प्रकाशनळी. ही युक्ती १९८० नंतर ऑस्ट्रेलियात निघाली. छपरावर पारदर्शक टोपण असते. त्याखाली आतून आरशासारखी चकचकीत नळी माळ्यातून खाली येते. तिच्या तोंडाशी दुधी तावदान असते. ते उजेड खोलीभर पसरवते. नळीत उजेड आपटत आपटत खाली येतो आणि दर आपटण्याला थोडा कमी होतो. म्हणून नळी आखूड नि सरळ बरी.

टोपणाभोवती पत्र्याची झालर असते. ती वरच्या कौलाच्या खाली आणि खालच्या कौलाच्या वर गेली पाहिजे. उलटी बसली, तर पहिल्याच पावसात माजघरात पातेली मांडावी लागतील. "डांबर लावतो, भागेल," असे कोणी म्हणाला, तर ऐकू नका.

दुकानदार लुमेन म्हणेल. नळीतून किंवा दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचे हे माप. ९ वॅटचा एलईडी दिवा साधारण ८०० ते ९०० लुमेन देतो. लक्स हे दुसरे माप. एका जागेवर किती उजेड पडला, ते त्यावरून कळते. वाचायला ३०० लक्स पुरतात. भर उन्हात अंगणात एक लाखाच्या आसपास लक्स असतात, ढगाळ दिवशीही हजारो. म्हणून लुमेनचा आकडा सांगितला की लगेच विचारा, "भाऊ, हा आकडा उन्हातला की पावसाळी आभाळाखालचा?"

आणि पत्र्याच्या गोठ्यासाठी विकतची नळी नकोच. ब्राझील देशातल्या आल्फ्रेडो मोसर नावाच्या मेकॅनिकने २००२ साली एक युक्ती काढली. दोन लिटरची पारदर्शक बाटली पाण्याने भरायची. शेवाळ धरू नये म्हणून पाण्यात दोन झाकणे ब्लीच टाकायचे. पत्र्याला भोक पाडून बाटली थोडी वर, बाकीची आत, अशी बसवायची नि कडा पक्क्या बुजवायच्या. उन्हाच्या वेळी ती जुन्या ४० ते ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड देते. रात्री मात्र गोठ्यात कंदील न्यावाच लागतो.