पैसे आधी, यंत्र मागून

विवेकानंद जयंतीला हिवरा आश्रमात पंगत बसते तेव्हा पुरी-भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढली जाते. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या आश्रमाची ही पंगत साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. मेहकर तालुक्यात आज ट्रॅक्टर ही दारातली वस्तू झाली आहे. साठ वर्षांपूर्वी तो परदेशातून येणारा, वाट पाहायला लावणारा माल होता. त्या काळापासून आजपर्यंत परदेशी यंत्र शेतकऱ्याच्या दारात कसं आलं आणि पैसे कोणाच्या हातात किती आधी गेले, याचा माग काढला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. पूर्वी शेतकरी आणि परदेशी कारखाना यांच्यामध्ये कोणीतरी उभं होतं. आता ती जागा रिकामी झाली आहे, आणि तिथला सगळा धोका शेतकऱ्याकडे सरकला आहे.

आयशरचा ट्रॅक्टर फरिदाबादला १९५९ मध्ये तयार झाला. महिंद्र आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६३ मध्ये मुंबईत भागीदारी केली. तरी मागणी पुरी पडत नव्हती. चेकोस्लोव्हाकियाचा झेटर, सोव्हिएत संघाचा बेलारूस, पोलंडचा उर्सुस ही नावं त्या पिढीच्या तोंडी होती. शेतकऱ्याला यंत्रं पुरवणारं महाराष्ट्र कृषि उद्योग विकास महामंडळ स्थापन झालं ते डिसेंबर १९६५ मध्ये. पुढच्याच वर्षी, ६ जून १९६६ रोजी, रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. २,००० डॉलरचं यंत्र आदल्या दिवशी ९,५२० रुपयांचं होतं, दुसऱ्या दिवशी १५,००० रुपयांचं. त्यानंतर १९६७ मध्ये ट्रॅक्टरच्या किमतीवर सरकारी नियंत्रण आलं आणि १९७१ मध्ये वितरणावरही. ट्रॅक्टर आधी कोणाला मिळणार आणि नंतर कोणाला, हे सरकारी आदेशाने ठरू लागलं.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. नंबर लागायला वेळ लागे, वशिला चाले, आणि एखादा सुटा भाग मिळाला नाही तर अख्खं यंत्र गोठ्यापाशी उभं राही. पण झेटरच्या ब्रनोतल्या कारखान्याला पैसे पाठवायची वेळ शेतकऱ्यावर कधी आली नाही. माल आला नाही, फुटका आला, चुकीचा आला, तर परदेशी विक्रेत्याशी भांडणं हे आयात करणाऱ्याचं काम होतं. कर्ज असेल तर बँकही मध्ये होती. दिरंगाई होती, पण पैसे अनोळखी माणसाच्या खिशात जात नव्हते.

वऱ्हाडातल्या बैलबाजाराची रीत तर याहून जुनी. गिऱ्हाईक दात पाहतं, चालवून पाहतं, इसार देतं. जोडी जुंपून पाहिल्याशिवाय उरलेली रक्कम कोणी मोजत नाही. घेणाऱ्याच्या हातात उरलेला पैसा हीच त्याची खरी ताकद, हे इथल्या माणसाला कोणी शिकवावं लागलं नाही. परदेशी यंत्राच्या बाबतीत ही रीत आपण कशी विसरलो, याचं मला वाईट वाटतं.

मधला काळ पटकन सांगून होण्यासारखा आहे. १९७१ मध्ये पिंजोरला एचएमटीने झेटर बांधायला घेतला. १९७४ मध्ये दुर्गापूरच्या संशोधन संस्थेच्या आराखड्यावरचा स्वराज बाजारात आला. संख्येने जगात सर्वांत जास्त ट्रॅक्टर आज भारतात बनतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल दिली. ट्रॅक्टरपुरता आयातीचा प्रश्न मिटला.

तो परत आला चीनमधून, लहान यंत्रांच्या रूपाने. पॉवर टिलर, ब्रश कटर, छोटी कापणी यंत्रं, डाळ-धान्य निवडणारे कलर सॉर्टर. आधी मुंबई-राजकोटचे व्यापारी स्वतःचं लेबल लावून ती विकत. मग मोबाइल आला. शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक घरबसल्या कारखान्याशी बोलू लागला, आणि व्यापाऱ्याचं कमिशन वाचतंय याचा आनंद झाला. तो आनंद खोटा नव्हता, कारण किमतीतला फरक खरोखर मोठा असतो. पण त्या कमिशनमध्ये व्यापाऱ्याने उचललेला धोकाही मोजलेला होता, तो हिशोब कोणी केला नाही.

या व्यवहारात नेहमी पुढे येणारी अट अशी: ३० टक्के ऑर्डरसोबत, ७० टक्के माल जहाजावर चढण्याआधी. ऐकायला ती हप्त्यांची वाटते. नीट पाहिलं तर ते शंभर टक्के आगाऊच आहेत, फक्त दोन वेळा दिलेले. यंत्र न्हावा शेवा बंदरात उतरेल तेव्हा विक्रेत्याचं आपल्याकडे काहीच अडलेलं नसतं. पेटीत मोटर वेगळी निघाली, कटरबार वाकलेला निघाला, तर आपल्या हातात उरतं फक्त विनंती करणं. त्यात भर ईमेलमधल्या फसवणुकीची: व्यवहार खऱ्या कारखान्याशी सुरू असतो, मध्येच हुबेहूब तसाच पत्ता वापरून ‘आमचं बँक खातं बदललं’ असा निरोप येतो आणि उरलेली रक्कम तिसऱ्याच देशात जाते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर देशातल्या खात्यातले पैसे कधी कधी थांबवता येतात. समुद्रापलीकडे गेलेले परत आणणं फार कठीण.

रिझर्व्ह बँकेचा एक नियम इथे मुळातून समजून घेण्यासारखा आहे. वर्षानुवर्षं चालत आलेल्या नियमाप्रमाणे २ लाख डॉलरपेक्षा जास्त आगाऊ रक्कम परदेशी पाठवायची तर साधारणपणे परदेशी बँकेची हमी लागते. त्याखाली ती सक्ती नाही. आता मेहकर तालुक्यातली एखादी उत्पादक कंपनी ८-१० लाख रुपयांचा सॉर्टर मागवते तेव्हा ती या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. म्हणजे ज्याला एका फटक्याने उठता येणार नाही, नेमका तोच हमीवाचून राहतो. पुढची गोष्ट अधिक कठोर आहे. माल आला नाही तर बँक आयातीचा पुरावा, म्हणजे सीमाशुल्काचं बिल ऑफ एन्ट्री, मागते ती पैसे पाठवणाऱ्याकडे. नोंद उघडी राहते, विचारणा होत राहते. फसलेला माणूसच खुलासे देत बसतो.

विक्रेता म्हणतो, रुपया पडतोय, आताच सगळे भरून टाका. हे म्हणणं अगदीच पोकळ नाही. जानेवारी २०२२ मध्ये ७५ च्या आसपास असलेला डॉलर त्याच ऑक्टोबरात ८३ वर गेला. पण त्यासाठी बँकेकडे पुढच्या तारखेचा दर आज पक्का करून घेता येतो. रुपया पडेल या भीतीपोटी सगळी रक्कम हातची सोडणं हा उपाय नव्हे.

गेल्या काही वर्षांनी तर प्रामाणिक विक्रेत्याशी केलेला व्यवहारही कसा अडकतो ते दाखवलं. जून २०२० मध्ये गलवानच्या चकमकीनंतर चिनी माल आपल्या बंदरांवर तपासणीसाठी अडला. जुलैमध्ये पॉवर टिलरची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘प्रतिबंधित’ यादीत गेली. परवाना घ्या, आणि तोही आदल्या वर्षाच्या आयातीच्या दहा टक्क्यांपुरता. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. देशी उत्पादनासाठी हे निर्णय योग्य असतीलही. पण असा निर्णय होतो तेव्हा पूर्ण पैसे भरून बसलेल्याला परतावा कोणी द्यायचा, हे त्या अधिसूचनेत नसतं. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे जहाज अडकलं, २०२२ मध्ये कोविडमुळे शांघाय बंद राहिलं, २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातली जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. सोयाबीन सप्टेंबर अखेरीस काढणीला येतं. यंत्र महिनाभर उशिरा आलं की ते थेट पुढच्या वर्षाचं झालं, व्याज मात्र याच वर्षीचं. समृद्धी महामार्गाने मेहकर बंदराच्या जवळ आणलं खरं, पण बंदरापलीकडचा रस्ता आपल्या हातात नाही.

सरकारी योजनांनीही ‘पैसे आधी’ची सवय घट्ट केली. २०१६-१७ पासून कृषी यंत्रांचं अनुदान थेट खात्यात येऊ लागलं. पूर्वसंमती घ्या, पूर्ण किंमत भरून यंत्र घ्या, पक्कं बिल अपलोड करा, मग तपासणी, मग अनुदान. मधली गळती थांबली, आवडीचा ब्रँड घेता येऊ लागला, हा बदल चांगलाच. पण अल्पभूधारकाला ५० टक्के अनुदान मिळवण्यासाठी आधी १०० टक्के उभे करावे लागतात. शिवाय अनुदानाला यंत्राचा चाचणी अहवाल लागतो, बुदनीसारख्या केंद्रीय संस्थेचा किंवा मान्यताप्राप्त चाचणी केंद्राचा. परस्पर मागवलेल्या स्वस्त यंत्राला तो बहुधा नसतो. किंमत गेली ती गेली, आणि अनुदानही हुकलं.

कायद्याचा आधार आहे, पण त्याची हद्द ओळखली पाहिजे. शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्सच्या खटल्यात स्पष्ट केलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बुलढाण्यात. मुदत दोन वर्षं. अकोल्याच्या डीलरविरुद्ध हा कायदा कामाचा आहे. परदेशी कारखान्याविरुद्ध निकाल मिळाला तरी वसुली कोण करणार? म्हणून आयात करणारी भारतीय फर्म मध्ये ठेवून, तिच्या नावाचं बिल घेणं, थोडं महाग पडलं तरी मला शहाणपणाचं वाटतं.

थेटच मागवायचं असेल तर बँकेकडून लेटर ऑफ क्रेडिट काढावं. छोट्या रकमेला त्याचा खर्च जड जातो, म्हणून तीन-चार उत्पादक कंपन्यांनी मिळून मागणी नोंदवावी. बँक फक्त कागद तपासते, यंत्र नाही. तेव्हा त्या कागदांत माल चढण्याआधीच्या त्रयस्थ तपासणीचा दाखला बंधनकारक करून घ्यावा. आणि २० टक्के तरी रक्कम यंत्र शेतात चालेपर्यंत राखून ठेवावी. भात-गव्हासाठी बेतलेलं यंत्र सोयाबीनच्या जमिनीलगतच्या शेंगा सोडून जातं, दाणा फोडतं. ३८० व्होल्टची मोटर आपल्या फिडरवर कशी वागते ते इथेच कळतं. हिवऱ्यात कृषी महाविद्यालय आहे. अशा चाचणीला तिथली माणसं उभी राहिली आणि त्यांनी लिहून दिलं की यंत्राने काळ्या रानात दोन दिवस नीट काम केलं, तर उरलेले पैसे त्या कागदावर सोडावेत. विक्रेत्याने ही अट नाकारली तर दुसरा विक्रेता शोधावा.