सुतळीने मोजलेलं कपाट

शाळांचे निकाल लागले, की पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकांशी आयशर आणि छोटे हत्ती उभे राहू लागतात. कुणाची बदली झालेली असते, कुणाला नव्या फ्लॅटचा ताबा मिळालेला असतो. कुणाची इमारत पुनर्विकासाला जाणार असते, तर कुणाचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपलेला असतो. कारणं वेगवेगळी, घाई मात्र एकच: शाळा आणि पाऊस सुरू होण्याआधी बिऱ्हाड हललं पाहिजे. ‘घर हलवताना काय काळजी घ्यावी, यावर वाचकांना उपयोगी पडेल असं लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी आधी पॅकर्स-मूव्हर्सची माहितीपत्रकं चाळली. त्यांत दर होते, खोक्यांची संख्या होती. पण सामान बांधणाऱ्या माणसांबद्दल अवाक्षर नव्हतं. म्हणून एका टोळीबरोबर मी नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंचं तीन खोल्यांचं बिऱ्हाड बावधनला जायचं होतं.

टोळीच्या मुकादमांना सगळे मामा म्हणतात. वय साठीच्या आसपास, अंगाने काटक, खांद्यावर जुना गमछा. उमेदीची वर्षं त्यांनी मार्केट यार्डात पोती वाहण्यात घालवली, मग ते घरसामानाच्या कामात आले. घरात शिरल्यावर त्यांनी एकाही वस्तूला हात लावला नाही. आधी जिना उतरून पाहिला, पुन्हा चढून पाहिला, गल्लीत ट्रक कुठवर येईल ते पाहिलं, सज्जाचा कठडा हलवून पाहिला. “सामान मागनं बघू, ताई,” ते मला म्हणाले. “आधी वाट बघायची.” त्या दिवसात मी ऐकलेला हा पहिला सल्ला आणि सगळ्यांत मोलाचाही. नव्या घराची लिफ्ट किती उंच आहे, दार किती रुंद आहे, ट्रक फाटकापासून किती लांब थांबेल, हे आधी ठाऊक असेल तर निम्मी कटकट टळते.

या धंद्याच्या साधनांचा इतिहास थोडक्यात सांगते. खोक्याच्या पुठ्ठ्यातला लाटांचा कागद १८५६ साली इंग्लंडमध्ये निघाला, तो उंच टोप्यांना आतून आधार म्हणून. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तो काचेच्या बाटल्यांभोवती गुंडाळला आणि पुढे रॉबर्ट गेअरने घडी करून ठेवता येणारी खोकी मोठ्या प्रमाणावर आणली. फुग्यांचं प्लॅस्टिक १९५७ सालचं. आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान हे दोघे अमेरिकेत भिंतीला लावायचा उठावदार कागद करायला गेले आणि हाती हे लागलं. हमालांच्या बाजूचा इतिहास मात्र आपल्या मातीतला आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांतल्या माथाडींना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार द्यायचे, ही त्याची रचना. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने याच माणसांसाठी १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ ही खानावळ सुरू केली. मामा यार्डात असताना तिथेच जेवत.

बांधाबांध स्वयंपाकघरापासून सुरू झाली. टोळीतल्या पोरांनी खोक्यांच्या तळाला मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर चिकटपट्टी मारली. एकच पट्टी मारलेला तळ उचलतानाच उघडतो. ताटं, बश्या आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या लावायच्या. आडव्या चळतीत सगळ्या वरच्यांचा भार तळच्या बशीवर येतो आणि खड्ड्यात चाक आदळलं की तीच आधी फुटते. काचेच्या बरण्यांभोवती काकूंच्या जुन्या सुती साड्या गुंडाळल्या. कपडेही बांधले गेले आणि कागदही वाचला. खोक्यात मोकळी जागा राहिली, की मामा ते हातात धरून हलवत. आतून आवाज आला तर खोकं परत उघडायचं.

पुस्तकं भरताना त्यांनी काकूंच्या नातवाला थांबवलं. त्याने टीव्हीच्या मोठ्या खोक्यात गच्च पुस्तकं भरली होती. मामांनी ती काढून छोट्या खोक्यांत घातली. पुस्तकांना लहान खोकं आणि उश्या-पांघरुणांना मोठं, असा त्यांचा नेम. एक माणूस पाठीला हिसका न देता उचलू शकेल तेवढंच खोकं भरायचं, म्हणजे वीस किलोच्या आत. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. म्हणून थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. खोकं जरा सरकलं, की वरचा भार मऊ मधल्या भागावर येतो आणि खालचं बसतं. जड सामानाला पाच पदरी खोकी, हलक्याला तीन पदरी. ओल लागली की दोन्ही निकामी, म्हणून पावसाळ्यात वरून प्लॅस्टिक हवंच.

प्रत्येक खोक्यावर दोन बाजूंना क्रमांक आणि नव्या घरातल्या खोलीचं नाव, आणि काकूंच्या वहीत त्या क्रमांकापुढे आतल्या वस्तूंची यादी. वरच्या बाजूला लिहिलेलं थप्पीत दिसत नाही, म्हणून बाजूंना.

मग कपाटाची पाळी आली. मराठी घरात एक पोलादी कपाट असतंच. लग्नात आलेलं, नाहीतर पहिल्या बोनसातून घेतलेलं. गोदरेजने ही कपाटं १९२३ पासून बनवायला घेतली आणि तेव्हापासून त्यांनी किती हमालांच्या पाठी पारखल्या असतील याची मोजदाद नाही. काकूंचं कपाट साडेसहा फुटी, आरशाचं. कप्पे काढले, लॉकरमधलं काकूंनी स्वतः पिशवीत घेतलं, आरशावर पुठ्ठा बांधला, दांड्याला फडकं गुंडाळलं. मामांनी खिशातून सुतळी काढली. कपाटाच्या तळाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी ताणली आणि गाठ मारली. मग बाजूच्या पत्र्यावर खालपासून वरपर्यंत तिरपी ताणून दुसरी गाठ. ती सुतळी घेऊन ते जिन्याच्या वळणावर गेले. पहिली गाठ भिंतीच्या आत बसली, म्हणजे उभं कपाट तिथे फिरलं असतं. पण वळणावर छत खाली आलेलं होतं, तिथे कपाट आडवं कलतं करावं लागणार, आणि दुसरी गाठ भिंतीच्या बाहेर दीड वीत गेली.

“इथनं नाही जायचं,” मामा म्हणाले. “सज्जावरनं सोडू.”

वीस माणसांनी गलका करून सुटला नसता असा प्रश्न एका सुतळीने सोडवला होता. पाहून मला फार आनंद झाला. त्यानंतर त्यांनी सज्जाचा सागवानी खांब बोटांच्या पेरांनी वरपासून खालपर्यंत वाजवला. वाळवी लागलेलं लाकूड पोकळ बोलतं. हा खांब भरीव होता. कठडा उतरवला. कपाटाला खालून, मधून आणि वरून दोरी आवळली आणि दोरीचं दुसरं टोक खांबाला दोन वेढे देऊन दोघांच्या हाती दिलं. त्या दोन वेढ्यांतच सगळं आहे. दोरी खांबाला घासते, वजनाचा मोठा वाटा तिथेच अडतो आणि दोघांना फक्त थोडी थोडी दोरी सोडायची उरते. खालून एकाने दुसरी दोरी बाहेर ओढून धरली, म्हणजे कपाट भिंतीवर आपटणार नाही. मामा मध्ये उभे. “सोड… सोड… धर. आता सोड.” कपाट गल्लीत टेकलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. खाली त्याच्याभोवती गोधड्या बांधून ते ट्रकमध्ये गेलं.

यंत्रांशी मामा वेगळ्या सावधपणे वागतात. फ्रिज आदल्या रात्री बंद करून, बर्फ वितळवून, पुसून ठेवायला सांगतात. तो उभाच नेतात आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवतात, कारण कलंडलेल्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली बसावं लागतं. टीव्ही कधीही पाठीवर निजवायचा नाही. एसी काढायला मेकॅनिकच हवा, तो गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून झडपा बंद करतो. वॉशिंग मशीनपाशी मात्र मामांनी हात टेकले. पुढून दार असलेल्या मशीनचा ड्रम स्प्रिंगवर लोंबकळत असतो. नव्या मशीनच्या पाठीत तो ड्रम जखडणारे लांब बोल्ट येतात; बसवताना ते काढतात आणि घरोघरी ते भंगारात जातात. पुढे घर बदलताना ड्रम मोकळाच राहतो आणि ट्रकच्या धक्क्यांनी हादरून बिघडतो. काकूंकडेही ते नव्हते. वाचकांपैकी कुणाकडे असतील तर आजच मशीनमागे पिशवीत टांगून ठेवा.

ट्रक भरण्यालाही शास्त्र आहे. कपाट, फ्रिज, मशीन केबिनच्या भिंतीला, मग पुस्तकांची खोकी, बाजूंना उभ्या गाद्या, वर हलकं सामान. प्रत्येक रांगेनंतर दोरी. शेवटी चढेल ते आधी उतरतं, म्हणून देव्हारा, दुधाचं पातेलं, चहा-साखर, झाडू, बादली, औषधं आणि रात्रीची अंथरुणं अगदी दाराशी. गॅस सिलिंडर ट्रकमध्ये चढवू नये. गाव बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून कागद आणि अनामत घ्यावी. गावातल्या गावात जायचं असेल तर नुसतं कनेक्शन बदलून मिळतं. दागिने, घराची कागदपत्रं, गुणपत्रिका स्वतःबरोबर.

इथवर सगळं कौशल्याचं झालं. चहाच्या वेळी मामा जे बोलले त्याने काळजी वाटली. फोनवर कमी भाव सांगायचा, माल ट्रकमध्ये चढला की दुप्पट मागायचा आणि पैसे दिल्याशिवाय उतरवायचा नाही, असे प्रकार या धंद्यात होतात. शिव्या मात्र हमालाला बसतात, कारण समोर तोच असतो. यावर उपाय आहेत. सामान घरी येऊन किंवा व्हिडिओवर पाहिल्याशिवाय दिलेला भाव मानू नका. मजले, अंतर, बांधणी, उतरवणी सगळं धरून लेखी दर घ्या, जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासा, मोठी आगाऊ रक्कम देऊ नका, गाडीच्या नंबराचा फोटो काढा.

परगावी जात असाल तर बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती, नीट वाचा. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली, मालाची किंमत आधी जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. दहा हजार भाडं दिलं तर लाखाच्या वर हक्क सांगणं अवघड. म्हणून किमतीची यादी बिल्टीवर लिहून घ्या. विम्याचे पैसे घेतले असतील तर विमा कंपनीची पॉलिसी हातात मागा. बिलावरची नुसती ओळ म्हणजे विमा नव्हे. काही हरवलं, मोडलं तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नव्या सोसायटीच्या फाटकाशी कामाला हात न लावता पैसे मागणारे भेटले तर घाबरू नका. आपलं सामान आपल्या माणसांकडून उतरवायचा तुम्हाला अधिकार आहे. धाकदपटशा झाला तर ११२ ला फोन करा.

आणि शेवटची अडचण मामांच्या टोळीची. मामा सोडले तर त्यांच्यातल्या एकाचीही मंडळात नोंद नाही. पोरं नाक्यावरून येतात, संध्याकाळी रोख घेऊन जातात. पाठ धरली तर तो दिवस बुडाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने एका वेळी वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली आहे. आपल्या लिफ्ट नसलेल्या इमारतींत फ्रिज आणि कपाटं आजही पाठीवर चढतात. ५५ वर्षांहून जुना असलेला एक चांगला कायदा बाजारातल्या हमालापर्यंत पोचला, पण आपल्या घरात येऊन आपला संसार उचलणाऱ्या पोरापर्यंत तो पोचलेला नाही. मंडळांनी या टोळ्यांची नोंदणी हाती घ्यावी आणि कंपन्यांनी लेव्ही भरावी, हे व्हायला हवं.

तोवर आपल्या हातात असलेलं आपण करू. खोकी वीस किलोच्या आत भरा. जाण्याआधी जुने कपडे, रद्दी, मोडकं सामान काढून टाका. ते वाहण्याचे पैसे तुम्ही देता आणि कष्ट दुसरा करतो. टोळीला दुपारचं जेवण आणि गार पाणी द्या. दर ठरवताना कंपनीला विचारा, की येणाऱ्या माणसांचा विमा आहे का, त्यांची नोंद आहे का. प्रत्येक गिऱ्हाइकाने हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर कंपन्यांना उत्तर शोधावंच लागेल.