आवाज पुढे, शेळी मागे

आज हप्त्याचं किंवा वहीचं काही बोलणार नाही. आज बोलूया ग्रामसंघाच्या खोलीत कापडाखाली झाकून ठेवलेल्या कॉम्प्युटरबद्दल.

आमचं कासू हे पेण आणि नागोठण्याच्या मधलं स्टेशन. आमच्याकडचा कॉम्प्युटर मुंबईच्या एका ऑफिसने वापरून दिलेला आहे. गावातल्या कॉलेजच्या मुलाने त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, पण तिला पैसे पडत नाहीत. १९९१ साली फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने ती सुरू केली आणि पुढे जगभरच्या लोकांनी मिळून वाढवली. फुकट आहे म्हणून हलकी समजू नका. आपल्याच रायगडात, कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या शाळेत २००७ साली मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले, त्यांच्यावरही लिनक्सच होतं.

तर झालं असं. पावसाआधी शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचून घ्यायची असते. त्याची फिल्म दाखवायला आम्ही मे महिन्यात बैठक बोलावली. तीस बाया जमल्या. फिल्म लावली तर आवाज नीट येत होता, पण चित्र अडकत होतं. डॉक्टर सुई टोचून पुढचं सांगायला लागले तरी पडद्यावर शेळी अजून दावणीलाच! पोरं हसायला लागली, बाया उठून गेल्या.

दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, कार्ड गेलं, यात राम नाही, नवीन घ्या, चौदा हजार पडतील. ग्रामसंघाच्या चौदा हजारांत दोन-तीन जणींचं कर्ज निघतं. त्याहून वाईट म्हणजे, आदल्या दिवशी कॉम्प्युटरवर बसलेल्या आमच्यातल्या एका ताईंवर बोट ठेवलं गेलं. 'तुम्हीच काहीतरी दाबलंत.' त्या पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत.

आम्ही पैसे काढायचे थांबवले आणि आधी समजून घ्यायचं ठरवलं.

फिल्म म्हणजे एकामागून एक भराभर येणारे फोटो, साधारण सेकंदाला पंचवीस. मोठ्या आकाराच्या फिल्ममध्ये, जिला १०८० म्हणतात, एका फोटोत वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. म्हणजे सेकंदाला पाच कोटी ठिपके रंगवायचे! हे काम करायला कॉम्प्युटरमध्ये वेगळा भाग असतो, ग्राफिक्स कार्ड. तो आपल्या पिठाच्या गिरणीसारखा. आणि गिरणी चालवायला जसा गिरणीवाला लागतो, तसा कार्ड चालवायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. गिरणीवाला आला नाही तर गिरणी चांगली असूनही बंद, आणि सगळं दळण घरच्या जात्यावर. कॉम्प्युटरचं जातं म्हणजे त्याचा मुख्य प्रोसेसर. तो बिचारा दळत राहतो, पण वेळेत पुरं होत नाही. आवाजाचं दळण थोडं, म्हणून आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं.

आधी हे पाहा की दोष नेटचा तर नाही ना. फिल्म उतरवून घ्या, नेट बंद करा आणि लावा. नीट चालली तर दोष नेटचा. आमची तरीही अडकली.

मग आठवलं, कॉम्प्युटर सुरू केला की कोपऱ्यात इंग्रजी चौकट यायची, 'सॉफ्टवेअर रेंडरिंग मोड' असं काहीतरी लिहिलेली. आम्ही रोज फुलीवर टिचकी मारून ती घालवत होतो! तिचा अर्थच हा, की गिरणी बंद आहे, दळण जात्यावर चाललंय. पडद्यावरची अक्षरंही मोठी आणि फाटल्यासारखी दिसत होती, तीही त्याचीच खूण.

खात्री करायला टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडा. घाबरू नका, नुसतं विचारल्याने काही बिघडत नाही. इंग्रजी लहान अक्षरांत एल, एस, पी, सी, आय लिहा, एक जागा सोडा, मग आडवी रेघ आणि तिला लागून के. एंटर दाबा. लांबलचक यादी येईल. तिच्यात व्हीजीए शब्द असलेली ओळ शोधा. तिच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि पुढे नाव असेल तर गिरणीवाला जागेवर आहे. आमच्याकडे कार्डाचं नाव होतं, ती ओळच नव्हती. म्हणजे कार्ड दिसत होतं, गेलेलं नव्हतं.

गिरणीवाला गेला कुठे? त्या ताईंनी आदल्या दिवशी खरंच एक बटण दाबलं होतं, अपडेटचं. कॉम्प्युटरनेच विचारलं होतं, त्यांनी हो म्हटलं. त्यात लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला. काही कंपन्यांचे ड्रायव्हर लिनक्समध्येच असतात, ते गाभ्याबरोबर बदलतात. काही कंपन्यांचा ड्रायव्हर वेगळा येतो, आणि जुन्या कार्डासाठी तो सुधारणं कधीतरी थांबतं. मग नव्या गाभ्याशी त्याचं जुळत नाही. आमचं तेच झालं होतं. चूक ताईंची नव्हती.

उपाय असा. लिनक्स नव्या गाभ्यासोबत जुनाही ठेवतं. कॉम्प्युटर सुरू होताना शिफ्टचं बटण धरून ठेवा, काही मशीनवर एस्केप दाबावं लागतं. यादी येते. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा आणि आधीच्या आकड्याचा कर्नल घ्या. आम्ही घेतला, चौकट आली नाही, शेळी डॉक्टरांबरोबर चालायला लागली. नंतर त्या मुलाने 'ड्रायव्हर मॅनेजर'मध्ये जाऊन लिनक्सचा स्वतःचा खुला ड्रायव्हर निवडून दिला. आता नवा गाभाही चालतो.

तुमचं दुखणं वेगळं असू शकतं. व्हीएलसीमध्ये चित्र हिरवं किंवा चौकोन चौकोन तुटलेलं दिसत असेल, तर प्रेफरन्सेसमधल्या 'इनपुट-कोडेक्स'मध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेटेड डिकोडिंग' बंद करून बघा. यूट्यूबवरच अडकत असेल तर ४८० निवडा, ठिपके एक पंचमांश होतात. लस टोचायची जागा तेवढ्यातही स्पष्ट दिसते. आणि कार्ड खरोखरच जळतंही कधी. सुरू होतानाच, लिनक्स यायच्या आधी, पडद्यावर रेघा दिसत असतील तर दुकानदाराचं ऐका.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे पाठ मराठी आवाजात आहेत. आम्ही त्यातले काही उतरवून ठेवलेत.

ताईंच्या घरी आम्ही तिघी-चौघी गेलो आणि काय झालं होतं ते सांगितलं. त्या आधी काही बोलल्या नाहीत, चहा टाकला. आता खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते. कॉम्प्युटरशेजारी त्यांनी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. अपडेट कोणत्या तारखेला केलं, कर्नलचा आकडा आधी कोणता होता, नंतर कोणता, ते त्यात लिहितात. बैठकीच्या आदल्या दिवशी मात्र त्या कुणालाही अपडेट करू देत नाहीत.