'लुक बिफोर यू लीप' म्हणजे नेमकं काय? जाणून घ्या अर्थ, वापर आणि ताम्हिणीचा धडा

पुणे : नवी नोकरी असो, फ्लॅटचं बुकिंग असो की पावसाळी सहल, 'लुक बिफोर यू लीप' हा सल्ला कुणीतरी देतंच. शब्दशः अर्थ सोपा आहे : उडी मारण्याआधी बघा. पण ही म्हण नेमकी कधी वापरायची?

म्हण किती जुनी?
जॉन हेवूड यांच्या १५४६ मधल्या इंग्रजी म्हणींच्या पुस्तकात ती सापडते. तिथे विषय चक्क लग्नाचा आहे! घाईघाईत बोहल्यावर चढू नका, असा तो सल्ला. आपल्याकडचा 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' आठवला ना?

कधी वापरायची?
निर्णय घेण्याआधी. मित्र ऑफर लेटर हातात येण्याआधीच राजीनामा देतोय? त्याला म्हणा, 'लुक बिफोर यू लीप.' फटका बसल्यानंतर येणाऱ्या सावधपणासाठी मात्र 'वन्स बिटन, ट्वाइस शाय' ही वेगळी म्हण आहे. म्हणजेच आपलं दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पिणं.

फ्लॅट घेताना 'बघायचं' काय?
टोकन देण्याआधी महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासा. रेरा कायद्यानुसार विक्री कराराची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. जास्त मागितली, तर तिथेच थांबा.

जेव्हा उडी खरीच असते...
जून २०२४ च्या अखेरीस ताम्हिणी घाटात धबधब्याच्या कुंडात उडी घेतलेला एक जण प्रवाहात वाहून गेला. तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. त्याच दिवसांत, ३० जूनला, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं. त्यामुळे खोली आणि खालचे खडक दिसत नाहीत. वर डोंगरात पाऊस वाढला की प्रवाह काही मिनिटांत फुगतो. अशा ओढीपुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

लक्षात काय ठेवायचं?
ही म्हण 'उडी मारूच नका' असं सांगत नाही, 'आधी बघा' एवढंच सांगते. नोकरीत, घरखरेदीत चूक झाली, तर निस्तरता तरी येते. कुंडात ती संधी नसते. म्हणून जिथे तळ दिसत नाही, तिथे काठावरच थांबा.