दूरच्या लक्ष्यासाठी रायफल आणि काडतूस

लांब पल्ल्याच्या नेमबाजीकडे वळणारा नवखा माणूस बहुधा आधी रायफल पसंत करतो आणि काडतुसाचा विचार मागाहून करतो, परंतु निवडीचा खरा क्रम याच्या उलट आहे: अंतरावरून काडतूस ठरते आणि त्या काडतुसाला अनुरूप अशी रायफल शोधावी लागते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ज्याने तीरकामठा हाताळला आहे, त्याला हे लवकर उमगेल. कामठ्याच्या ताणाला न जुळणारा तीर कितीही सरळ असला तरी भरकटतोच.

रायफलीच्या नळीत आतून मळसूत्रासारखे चर असतात आणि त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत, स्थिर राहून पुढे जाते. चरांचा एक पूर्ण फेरा जितक्या लांबीत होतो ती लांबी म्हणजे नळीचा पीळ होय. ऑलिंपिकमधील 50 मीटर प्रकारात वापरल्या जाणाऱ्या .22 लाँग रायफल काडतुसाची आखूड गोळी साधारण 16 इंचांच्या पिळात स्थिर राहते, तर 300 मीटरसाठीच्या 6 मिलिमीटर व्यासाच्या लांब, सडपातळ गोळीला सुमारे 8 इंचांचा पीळ लागतो. म्हणून गोळीची लांबी ठरण्यापूर्वी नळी निवडणे व्यर्थ आहे.

.22 ची स्पर्धेतील गोळी सुमारे 2.6 ग्रॅम वजनाची असते आणि तिचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून थोडा कमी ठेवलेला असतो, कारण ध्वनीची मर्यादा ओलांडून पुन्हा तिच्याखाली येताना गोळी डळमळते. ही हळू, हलकी गोळी वाऱ्याला मात्र चटकन बळी पडते. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा तिला 50 मीटरवर दोन सेंटिमीटरहून अधिक सरकवतो, आणि दहा गुणांचे वर्तुळ तर अवघ्या 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. डहाणूच्या किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून येणारा वारा ज्यांच्या अंगवळणी पडलेला आहे, त्यांना उघड्या मैदानावरील निशाणांची फडफड वाचायला शिकणे परके वाटू नये. शिवाय प्रत्येक नळीला ठरावीक घाण्यातील, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, काडतुसेच मानवतात, त्यामुळे जाणकार नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवून, एकाच कंपनीच्या निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसे झाडून पाहतात आणि ज्यांच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ पडतात तो घाणा वर्षभरासाठी राखून ठेवतात. नवी, महाग रायफल घेण्यापेक्षा ही चाचणी अधिक गुण मिळवून देते.

300 मीटरचा प्रकार 1972 च्या म्युनिक स्पर्धेनंतर ऑलिंपिकमधून गेला, तरी जागतिक स्पर्धांत तो टिकून आहे. तेथे पूर्वी 7.62 मिलिमीटरच्या लष्करी घाटाची काडतुसे चालत. आज 6 मिलिमीटरची, कमी धक्का देणारी काडतुसे अधिक पसंत केली जातात, कारण खांद्याला बसणारा धक्का जितका सौम्य, तितका पुढच्या गोळीपूर्वी देह स्थिर होतो. भारतात सामान्य नागरिकाला 7.62 चे लष्करी काडतूस निषिद्ध आहे, त्यामुळे हा मार्ग प्रामुख्याने सैनिकी दलांतील नेमबाजांचा राहिला.

1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे .22 रायफललाही परवाना लागतो, 4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर रायफललाच 2016 च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. परवाना मिळाला तरी चिकूच्या वाडीत वा जंगलात गोळी झाडण्याची मुभा मिळते, असे कोणी समजू नये. शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी घातली आहे आणि सरावाची जागा मान्यताप्राप्त रेंज हीच होय.

मराठी माणसांना या खेळाची परंपरा आहे. राष्ट्रीय रायफल संघटनेचे 1951 मधील पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय पातळीकडे जाण्याची पायरी आहे. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या ठरल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन स्थितींच्या स्पर्धेत 451.4 गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. तेही .22 च्या रायफलीनेच.

म्हणून डहाणू-तलासरीतील पालकांनी मुलामुलींना आरंभी 10 मीटरच्या एअर रायफलवर श्वास, नेम आणि चाप यांची शिस्त लावू द्यावी, पुढे प्रशिक्षकाच्या सल्ल्याने .22 घ्यावी, आणि मोठ्या काडतुसाच्या मोहात पैसा घालवू नये.