युरिया विरघळतो, मीटर हलत नाही

बुऱ्हाणपूर भागात केळीला ठिबकमधून खत सोडणं रोजचंच. युरिया आणि पांढरा पोटॅश, दोन्ही पाण्यात पडताच दिसेनासे होतात. पण ईसी मीटर, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ते दाखवणारं छोटं यंत्र, हाताशी असेल तर एक प्रयोग कराच.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तसलं एक लिटर डिस्टिल्ड पाणी घ्या. आकडा शून्याजवळ. त्यात पाऊण ग्रॅम शुद्ध पोटॅशियम क्लोराइड टाकून ढवळा. चिमूटभरच पूड, पण आकडा थेट 1.4 मिलिसीमेन्सपर्यंत चढतो! आता दुसऱ्या भांड्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घेऊन चांगला चमचाभर युरिया टाका. दाणे विरघळून संपतात. आणि मीटर जवळजवळ जागचा हलत नाही.

पोटॅशच्या खड्यात धन भाराचे पोटॅशियम आणि ऋण भाराचे क्लोराइड आयन आधीपासूनच एकमेकांना धरून बसलेले असतात. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनकडची किंचित धन. हे रेणू प्रत्येक आयनाभोवती गराडा घालतात आणि त्याला ओढून सुटा करतात. सुटे आयन मीटरच्या दोन टोकांकडे धावतात, तीच वीज. युरियाचे रेणूही पाणी असेच वेगळे करतं, पण प्रत्येक रेणू अखंड राहतो. त्याच्यावर एकूण भार नाही, मग धावणार कोण? मावा जिलेबीच्या पाकातली साखर याच जातीची.

वीज सोडण्याआधीच मीठ पाण्यात आयनांत फुटलेलं असतं, हा विचार स्वांते अर्‍हेनियसने मांडला. 1884च्या त्याच्या प्रबंधाला परीक्षकांनी जेमतेम श्रेणी दिली. 1903 साली त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

असेच आयन बुऱ्हाणपूरच्या जमिनीखाली चारशे वर्षं वाहत आहेत. मोगल सरदार खानखानानच्या काळात, 1615 साली, सातपुड्यातून झिरपणारं पाणी कुंडी भंडारा या भुयारी जलव्यवस्थेच्या बोगद्यांतून शहरात आणलं गेलं. जमिनीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरणारं पाणी वाटेतला चुना कॅल्शियम आणि बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून आणतं. बोगद्यातल्या हवेत तो वायू निसटला की आयन पुन्हा जुळतात आणि भिंतींवर चुन्याचे थर चढतात. वाहत्या पाण्यातून दगड! मला तरी हे खानखानानच्या बांधकामाइतकंच थोर वाटतं.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. टाकीचा ईसी पाहून युरिया किती पडला ते कळत नाही. तो वजन करूनच घालावा लागतो. जमिनीत गेल्यावर मात्र काही दिवसांत युरिएज हे विकर त्याचं अमोनियममध्ये रूपांतर करतं. अमोनियम धन भाराचा, काळ्या मातीचे बारीक कण ऋण भाराचे, म्हणून तो मातीला धरून राहतो. तोवर भार नसलेला युरिया पाणी नेईल तिकडे जातो. खत सोडून झाल्यावर ठिबक उगाच चालू ठेवलं, तर तो मुळांच्या खाली निघून जातो.