तिकिटाला प्रवासी कशाला ओळखायला हवा?

कागदी तिकीट मोठे विसरभोळे असते. कंडक्टरने पैसे घेतले, तिकीट दिले, की व्यवहार संपला. किती माणसे कोठून कोठे गेली हे त्याच्या हिशेबावरून कळते. ती कोण होती हे कळत नाही. इलेक्ट्रॉनिक कार्ड मात्र दर वेळी आपला क्रमांक यंत्राला सांगते, आणि स्थानक व वेळ यांसह त्याची नोंद राहते. एकाच कार्डाच्या वर्षभराच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या, तर घर, नोकरी, दवाखाना सारे त्यात दिसू लागते.

मग नोंदींतून नाव काढून टाकले तर? हा उपाय का पुरत नाही, ते ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात २०१८ साली दिसले. तेथील बस, ट्राम आणि रेल्वेसाठी ‘मायकी’ हे एकच कार्ड होते. सुमारे दीड कोटी कार्डांच्या तीन वर्षांच्या नोंदी एका स्पर्धेसाठी स्पर्धकांना देण्यात आल्या. त्यांत नावे नव्हती, कार्डांचे मूळ क्रमांकही बदललेले होते. पण एका कार्डाच्या साऱ्या नोंदींना एकच नवा क्रमांक होता, आणि घोटाळा झाला तो इथेच. मेलबर्न विद्यापीठातील ख्रिस कलनेन, बेंजामिन रुबिनस्टाईन आणि व्हेनेसा टीग यांनी त्यातून ओळखीच्या माणसांची कार्डे शोधून काढली, आणि राज्य विधानसभेच्या एका सदस्याचेही. आपण कोणत्या स्थानकावर आहोत हे त्याने ट्विटरवर लिहिले होते, तेवढे पुरले. एकदा कार्ड सापडले की बाकीचे सारे प्रवास आपोआप हाती येतात.

असे का व्हावे? सकाळी सातच्या सुमारास एका स्थानकात शिरणारे दोनशे जण असतील. त्यांतले पाऊण तासाने अमुक ठिकाणी उतरणारे किती? त्यांतले सायंकाळी सहाला परत फिरणारे? आणि त्यांतलेही गुरुवारी मध्येच उतरणारे? चौथ्या अटीला बहुधा एकच उरतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख मोबाइलधारकांच्या हालचाली तपासल्या होत्या. कोण कोठे, कोणत्या तासाला होते अशा चारच नोंदींवरून त्यांतले ९५ टक्के लोक वेगळे काढता येत होते. आपली रोजची वाट हेच आपले नाव असते म्हणा ना!

मुळात फाटकाला प्रवासी कोण हे कळायची गरज नाही. पैसे भरले आहेत एवढे कळले की झाले. डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली यावर एक सुरेख युक्ती मांडली. तिला ‘आंधळी सही’ म्हणतात. प्रवासी मनाने एक भलामोठा अंक निवडतो, कागदावर लिहितो आणि आतून कार्बन लावलेल्या पाकिटात बंद करतो. पैसे घेऊन कंपनी पाकिटावर सही करते. ती आतल्या कागदावर उमटते. प्रवासी पाकीट फोडतो आणि तो कागद फाटकावर दाखवतो. सही आपलीच आहे आणि हा अंक आधी वापरलेला नाही, एवढे कंपनी तपासते. मात्र तो अंक तिने पूर्वी पाहिलेलाच नसल्यामुळे, ही सही कोणाला दिली होती हे तिला सांगता येत नाही. प्रत्यक्षात पाकीट गणिती असते: अंकाला एका गुप्त संख्येच्या साहाय्याने गुणून झाकायचे आणि सही झाल्यावर भागून मोकळे करायचे. दर प्रवासाला नवा अंक, म्हणून दोन प्रवास एकमेकांना जोडता येत नाहीत. गाड्या वाढवायला लागणारी गर्दीची मोजणी यातूनही होतेच.

अडचणी आहेत. फाटक क्षणार्धात उघडावे लागते, आणि छोट्या कार्डाला असे गणित जड जाते. सवलतीचा पास दुसरा कोणी वापरत नाही ना, हे पाहणेही कठीण होते. शिवाय असे बिननावाचे कार्ड हरवले, तर पैसे कोणाला परत द्यायचे हे कंपनीला कळणारच नाही. ज्यांचे पाकीट वरचेवर हरवते, त्यांनी आपले नावाचेच कार्ड घ्यावे हे बरे.